खांदा निखळला, उचल मात्र जागेवरच

तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. ज्या शहापूर तालुक्यात हा तलाव आहे, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि विहिरीपासून घरापर्यंतचे पाणी बाईच्या डोक्यावरून येते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, हंड्याचे वजन वेगळेच. तो सावरायला एक हात सतत वर धरलेला. शहापूर-मुरबाडचा कष्टकरी आदिवासी आणि बहुजन माणूस खांद्याच्या बळावरच जगतो. पावसाळ्यात आवणी, एरवी लाकडाची मोळी आणि दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्या. अशा माणसाचा खांदा निखळला तर त्याने कामावर परत जायचे कसे, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच शासनालाही विचारला पाहिजे.

वैद्यकशास्त्राचे उत्तर तसे साधे आहे. निखळलेला खांदा एक्स-रे काढून, जाणत्या डॉक्टरकडून बसवून घ्यायचा. गावच्या हाडवैद्याचा हात कितीही सराईत असला तरी हाड मोडले आहे की नाही हे त्याला दिसत नाही आणि ओढताना शीर दुखावली तर हात लुळा पडू शकतो. मग दोन-तीन आठवडे हात झोळीत. त्यानंतर मात्र झोळी सोडायचीच, कारण खांदा फार दिवस बांधून ठेवला तर तो आखडतो. आधी वाकून हात नुसता झुलवायचा, मग हळूहळू वर न्यायचा, मग थोडे वजन, तेही अंगाजवळ आणि कमरेच्या उंचीवर. डोक्यावरचा भार सर्वांत शेवटी. याला साधारण तीन-चार महिने लागतात. तरुणाने घाई केली तर खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची खोड लागते. चाळिशीपुढच्या माणसाला झोळी निघाल्यावरही हात वर नेता आला नाही, तर आतले स्नायू फाटलेले असू शकतात. त्याने पुन्हा दाखवायलाच हवे.

परंतु हे तीन-चार महिने आणायचे कोठून? केसपेपरवर डॉक्टर लिहितात, 'हलके काम करावे'. वीटभट्टीवर हलके काम असते काय? तेथे मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. अर्धा दिवस सावकाश काम केले म्हणून अर्धा रोज पडत नाही, विटाच कमी पडतात. शिवाय भट्टीवर माणूस एकटा लावला जात नाही, नवरा-बायकोची जोडी लावली जाते. एकाचा खांदा गेला की जोडी मोडते आणि दुसऱ्याची मजुरीही घटते. पावसाळ्यात घेतलेली उचल मात्र जशीच्या तशी उभी राहते. म्हणून झोळी आठव्या दिवशी सुटते. लोक त्याला अडाणीपणा म्हणतात. खरे तर तो पक्का हिशेब असतो!

पगारी विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडला होता. विषय होता कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा आला. विमा लागू असलेल्या कारखान्यातील कामगाराचा खांदा कामावर निखळला तर बरे होईपर्यंत सुमारे नव्वद टक्के मजुरी मिळते. मात्र हे कवच प्रामुख्याने कारखान्याच्या फाटकाच्या आतच राहिले. आसनगाव-वासिंदच्या कारखान्यातला विमाधारक कामगार आणि त्याच गावचा भट्टीमजूर यांचे हाड सारखेच असते, तरी एकाला घरी बसून बरे होता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

भट्टीमजुराला कायदाच नाही असे मात्र नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन 'हा तात्पुरता मजूर आहे' ही मालकाची पळवाट बंद झाली. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. तात्पुरते अपंगत्व तीन दिवसांहून अधिक राहिले तर दर पंधरवड्याला मासिक मजुरीचा पाव हिस्सा, म्हणजे जवळपास निम्मी मजुरी देण्याची तरतूद त्यातही कायम आहे. हात कायमचा अधू झाला तर किती टक्के, हा वाद उभा राहतो. त्यावर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला आहे. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली आहे. शरीराचा किती भाग गेला यापेक्षा त्या शरीराने कोणते काम होत होते, हे न्यायालयाने पाहिले.

म्हणूनच केसपेपर महत्त्वाचा ठरतो. 'पडून दुखापत' एवढेच लिहिले तर दावा लंगडा पडतो. कोणत्या तारखेला, कोणाच्या भट्टीवर, कोणते काम करताना दुखापत झाली हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. कार्यकर्त्यांनी मोर्चाइतकेच लक्ष या कागदाकडे द्यावे. शासनाने व्यायामोपचार तालुक्यालाच द्यावेत. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा ठाणे गाठायचे तर बुडालेला रोज आणि गाडीभाडे मिळून औषधापेक्षा महाग पडते.

राहिला घरचा हंडा. त्याला ना मालक, ना भरपाई. झोळीत हात असलेल्या बाईचा हंडा नवऱ्याने उचलावा, यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मुकादम पावसाळ्यात पाड्यावर येतो तेव्हा उचल किती, एवढीच बोलणी होतात. दुखापत झाली तर त्या दिवसांची उचल कोणाच्या नावावर आणि दवाखाना कोणाचा, हे पैसे हातात घेण्याआधी चार माणसांसमक्ष विचारून कागदावर घ्यावे.