झेंडा चढला, जमिनीचं काय?



मागच्या बैठकीत नागपूरच्या वसतिगृहात शिकणाऱ्या आपल्या एका पोराने मोबाइलवर गाणी लावली. गाणारा बॉब मार्ली, जमैका बेटावरचा. आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्या गुलामांच्या वंशातला. त्याच्या १९७९ च्या 'सर्व्हायव्हल' या रेकॉर्डच्या कव्हरवर आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे आहेत, आणि नावामागे गुलामांच्या जहाजाचं चित्र. सर्व्हायव्हल म्हणजे तगून राहणं. त्यात एक गाणं आफ्रिकेच्या एकीचं, एक झिम्बाब्वेच्या लढ्याचं. आपली एक आजी म्हणाली, "बोली समजत नाही, पण हा मोर्चातलाच माणूस दिसते."

खरंच होतं. पण गाण्यापुढची गोष्ट ऐका.

झिम्बाब्वेत गोऱ्यांनी १९३० साली कायदा करून निम्म्याच्या आसपास जमीन, तीही चांगली, आपल्या नावे केली. लोक लढले. १९८० च्या १७ एप्रिलच्या मध्यरात्री नवा झेंडा चढला. मार्ली पदरचा खर्च करून तिथे गायला गेला. आत पाहुणे बसलेले, साधी माणसं फाटकाबाहेर. ती आत घुसू लागली तर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. स्वातंत्र्याच्याच रात्री!

त्याहून मोठं फाटक कागदात होतं. लंडनला डिसेंबर १९७९ मध्ये झालेल्या करारात लिहिलं होतं, दहा वर्षं जमीन घ्यायची तर गोरा मालक राजीखुशीने विकेल तेव्हाच, बाजारभावाने. झेंडा लोकांचा, जमीन त्याचीच.

दादा-बाई हो, हे आपल्याला नवं आहे काय? नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलं. त्याच शहरात हिवाळी अधिवेशनाला आपण दरवर्षी बॅरिकेडजवळ बसतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथेच पोलिसांच्या लाठीमारात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले. फाटकाबाहेर राहण्याची किंमत विदर्भाला ठाऊक आहे.

म्हणून माझं मत असं. एकीचं गाणं पाहिजेच. गोंड, माडिया, कोलाम, परधान वेगवेगळे गेले तर वेगवेगळेच परत पाठवले जातात. पण एकी नुसती घोषणेत नको, कागदात पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभेच्या हाती दिली आहे. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागलं पाहिजे, हेही त्यात आहे. कसतो किती, पट्टा मिळाला किती, सामूहिक दाव्याचं काय झालं, हे प्रत्येक गावाने ठरावात लिहून आणावं. सगळ्या गावांचा मिळून एकच कागद करू. आत चर्चेला जाणाऱ्याने तोच वाचायचा, आणि आत काय कबूल केलं ते बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं.

गाणी वाटेत म्हणू. ठराव विसरू नका.