रडार घेतलं, सराव कोण घेणार?

दर पावसाळ्यात एक विनोद न चुकता फिरतो. वेधशाळेने मुसळधार पाऊस सांगितलाय, म्हणजे आज कपडे बाहेर वाळत घालायला हरकत नाही! पूर्वी तो फॉरवर्डेड मेलमधून यायचा, आता मोबाईलवर येतो. आपण हसतो आणि पुढे ढकलतो. मग कधीतरी बातमी येते की खात्याने नवीन मशीन घेतलं. आपल्याला वाटतं, चला, आता तरी अंदाज बरोबर येतील. माझं भांडण ह्या दुसऱ्या समजुतीशी आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांकरता 2,000 कोटी रुपये मंजूर झाले. त्याच महिन्यात पुण्यात 'अर्का' आणि नॉयडात 'अरुणिका' हे सुपरकॉम्प्युटर सुरू झाले. उत्तम झालं, मशीन हवीतच. पण रेड अलर्ट द्यायचा की नाही हे शेवटी रात्री तीन वाजता ड्यूटीवर बसलेला माणूस ठरवतो. रडारवर ढग वाढताना दिसतोय, मॉडेल म्हणतंय विशेष काही नाही, आणि हातात वेळ आहे दहा-पंधरा मिनिटं. चूक झाली तर लोक मरतील किंवा अख्ख्या शहराला उगाच सुट्टी मिळेल. ह्या निर्णयाचा सराव त्याने कुठे करायचा?

"अनुभवातून शिकेल की!" हे उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. त्याच दिवशी त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर. आणि प्रादेशिक हवामान केंद्र आहे कुलाब्यात! म्हणजे खिडकीतून बाहेर बघून काहीच कळलं नसतं. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा मुंबईत डॉपलर रडार नव्हतं, ते 2010 साली आलं. कबूल. रडार नसेल तर कितीही सराव करून उपयोग नाही. पण आज रडार आहे, आणि त्यासमोर बसणारा पंचविशीतला नवा अधिकारी 2005 साली बालवाडीत होता. असा दिवस त्याच्या नोकरीत एकदा येईल किंवा येणारही नाही. आला, तर तो त्याचा पहिलाच असेल. वैमानिकाचं इंजिन पहिल्यांदा बंद पडतं ते सिम्युलेटरमध्ये, प्रवासी मागे बसलेले असताना नव्हे. मग हवामानवाल्यालाच का हा न्याय नाही?

हे काही स्वप्नरंजन नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच 'वेदर इव्हेंट सिम्युलेटर' आपल्या स्थानिक कार्यालयांत बसवला. कल्पना साधी आहे. जुन्या वादळाचा साठवलेला डेटा घ्यायचा आणि घड्याळाच्या वेगाने सोडायचा. त्या दिवशी त्या मिनिटाला जे दिसत होतं तेवढंच शिकणाऱ्याला दिसतं, पुढचं काही नाही. प्रशिक्षक मध्येच फोन करतो: अमुक ठिकाणी गारा पडतायत. कधी रडारच बंद पाडतो. इशारा कधी द्यायचा आणि कुठल्या शब्दांत, हे शिकणाऱ्याने ठरवायचं. नंतर सगळे बसून एकाच प्रश्नाचा कीस पाडतात: तुला कधी कळलं, आणि कळल्यावर तू किती वेळ थांबलास?

एक पथ्य मात्र पाळलं पाहिजे. सरावाला फक्त प्रलयाचे दिवस निवडले तर माणूस प्रत्येक ढगात प्रलय बघायला शिकतो. अमेरिकेत आजही टोर्नेडोच्या दहापैकी साधारण सात इशाऱ्यांनंतर टोर्नेडो येत नाही. आपल्याकडे रेड अलर्टला शाळा बंद ठेवल्या आणि लख्ख ऊन पडलं, की पुढचा अलर्ट कोण ऐकतं? म्हणून भयंकर दिसले पण फुसके निघाले, असेही दिवस सरावात हवेत आणि कुठला कसला ते आधी सांगायचं नाही.

आता आपल्या धंद्यातल्या मित्रांचा लाडका आक्षेप: एआय आलंय, माणूस हवाय कशाला? खरंच, युरोपच्या हवामान केंद्राने 2025 साली आपलं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. पण लिझन बेनब्रिज ह्या बाईंनी 1983 सालीच 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' ह्या लेखात ह्यातली मेख सांगून ठेवली आहे. मशीन जितकं भरवशाचं, तितकी माणसाची सवय जाते. आणि नेमकी मशीनला न जमणारी वेळच माणसाच्या गळ्यात पडते. म्हणजे एआयमुळे सरावाची गरज कमी होत नाही, वाढते. आपण प्रॉडक्शनवाले हे चांगलं ओळखतो. कधी रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर तुमच्यापैकी कोण झोप काढेल?

दुसरा आक्षेप: माणसं कमी, वेळ कुठे आहे? जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईवर काय कोसळत असतं हो? दोन-दोन तासांचे चार सराव तेव्हा सहज बसतील. पुण्यात खात्याची प्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या अभ्यासक्रमावर माझा आक्षेप नाही. मी बोलतोय ते नोकरीत शिरल्यानंतर दर वर्षी, सक्तीने, ड्यूटीवरच्या प्रत्येकाच्या सरावाबद्दल. वैमानिकांसारखे त्याचेही तास मोजा आणि जाहीर करा. ह्याचा खर्च सुपरकॉम्प्युटरपुढे चिल्लर आहे. फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला काही नसतं. खरी अडचण बहुधा तीच असावी.

असो. पुढच्या जूनमध्ये तो विनोद आला की जरूर हसा. पण नव्या रडारची बातमी आली की एवढं मात्र विचारा, त्यासमोर बसणाऱ्याने ह्या वर्षी किती तास सराव केला?