चिप धोलेऱ्यातली, पण स्फटिक कुठला?

धोलेऱ्याच्या टाटा फॅबचे आकडे एव्हाना पाठ झालेत: ९१ हजार कोटी रुपये, महिन्याला ५० हजार वेफर. मी सॉफ्टवेअरवाला, फॅब म्हणजे वाळू आत, चिप बाहेर, असंच मलाही वाटायचं. तसं नसतं. फॅब कोरे वेफर विकत घेते, आणि त्यांचा मोठा हिस्सा शिन-एत्सु आणि समको या जपानी कंपन्या बनवतात.

खरी मेहनत तिथे आहे. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात बोटाएवढा स्फटिक टेकवून, फिरवत फिरवत अगदी हळू वर ओढायचा. ३०० मिलिमीटर व्यासाचा एकच अखंड स्फटिक तयार होतो. त्याचे पातळ काप म्हणजे वेफर. ही चोक्राल्स्की पद्धत, मूळ १९१६ चं!

सिलिकॉन वितळवायच्या मुशीला अतिशुद्ध क्वार्ट्झ लागतो. तो मुख्यतः अमेरिकेतल्या स्प्रूस पाइन या छोट्या गावातून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने तिथल्या खाणी बंद पडल्या आणि चिपवाल्यांचा जीव टांगणीला लागला. काही आठवड्यांत काम सुरू झालं, म्हणून निभावलं.

फॅब हवीच. पण वेफर अडले तर यंत्रं असूनही हात बांधलेले. त्यामुळे अशा बातमीत मी आता आधी एवढंच शोधतो: वेफर कुठून येणार?