आधी वाचनालय, मग पुस्तकं

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. राज्यातलं सर्वांत जुनं म्हणून त्याचं कौतुक होतं, पण त्या सालाचा अर्थ कुणी फारसा लावत नाही. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. मोल्सवर्थचा कोश यायला तीन वर्षं अवकाश होता आणि बाळशास्त्रींचं 'दर्पण' निघायला चार. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची. म्हणजे वाचनालय आधी उघडलं आणि त्यात ठेवायची मराठी पुस्तकं सवडीनं छापली गेली! 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे मूळ नाव. कपाटांत तेव्हा इंग्रजीचाच भरणा असणार.

पुढे सावंतवाडीत १८५२ साली, कल्याणला १८६४ साली वाचनालयं निघाली. पुढे गावोगाव ती तगली ती वकील, मास्तर, कारकून यांच्या वर्गणीवर. या मंडळींची आपसांत भांडणंही रग्गड. वाचनालयाची निवडणूक नगरपालिकेपेक्षा चुरशीची होते, हे कुठल्याही तालुक्याच्या गावात विचारा.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानाला तारखांचा कागद चिकटवलेला असतो. १९७०-८० च्या सुमारास त्यावर शिक्क्यांची नुसती दाटी, एकावर एक, जांभळ्या शाईत. मग अंतर वाढत जातं आणि अर्धा कागद कोराच राहतो. टीव्ही, मोबाइल ही कारणं सगळे सांगतात. मला दुसरं खुपतं. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. आपल्या १९६७ च्या कायद्यानं ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं, हक्काचा कर मात्र दिला नाही. अनुदान येईल तेव्हा येतं. 'ड' वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात जे पडतं त्याला पगार म्हणायची सोय नाही, आणि संध्याकाळी कुलूप उघडायचं ते त्यानंच.

निवडणुका आल्या की उमेदवार दारात येतात. या खेपेला त्यांना ग्रंथालय कराबद्दल विचारा. आणि तोवर आपली थकलेली वर्गणी भरून टाका.