मेडल हवंय, मग कॅम्प कुठाय?

स्की शर्यतींचा वर्ल्ड कप ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनला सुरू होतो. पण स्कीअर्स घाम गाळतात भर उन्हाळ्यात. आधी जिम, स्क्वॉट्स, तोल सांभाळायचे व्यायाम. मग हिमनदीवरचा कॅम्प. पहाटेच उठायचं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो. दुपारी आराम, मग व्हिडिओ बघून स्वतःच्या चुका शोधायच्या. संध्याकाळी स्कीच्या कडांना धार, तळाला मेण. सीझन अजून लांबच असतो!

आता आपल्याकडे या. वाशिंद, आसनगाव, खर्डीची कितीतरी पोरं कबड्डी जीव तोडून खेळतात. पण कॉलेजची टीम बऱ्याचदा स्पर्धेच्या तोंडावर निवडली जाते. ना कॅम्प, ना कोच. पहाटेची लोकल पकडून कल्याण-ठाणे गाठणाऱ्याने सराव करायचा कधी? मग गुडघा गेला की 'फिटनेसच नाही' म्हणून सगळे मोकळे!

तुम्ही म्हणाल, जिद्द असली की सगळं जमतं. शिवा केशवन हिमालयातल्या रस्त्यांवर चाकं लावलेल्या स्लेजवरून सराव करायचा. 6 विंटर ऑलिम्पिक्स खेळला. भारीच! पण प्रत्येकाला जिद्दीच्या भरवशावर सोडून देणं म्हणजे क्रीडा धोरण नव्हे.

मागणी साधी आहे. पावसाळ्यात 10 दिवसांचा कॅम्प, एक कोच, पोटभर नाश्ता आणि हजेरीत सवलत. मैदानात चिखल आहे? कॉलेजचा हॉल आहे, जिने आहेत. या आठवड्यात जिमखान्यात जाऊन एवढंच विचारा, 'सर, आपला कॅम्प कधी?'