कुत्र्याचे कुलशील

कुत्रा पाळावयाचे ठरले की आमच्या सुशिक्षित घरांत पहिला प्रश्न निघतो तो त्याच्या जातीचा. त्याला फिरविणार कोण, वैशाखातल्या दुपारी तो राहणार कोठे, घरातली माणसे दिवसभर बाहेर असता तो करणार काय, हे प्रश्न मागाहून निघतात. पुष्कळदा निघतच नाहीत. ज्या गृहस्थांनी जातिभेदाच्या निषेधार्थ सभा गाजविल्या, तेच गृहस्थ पिल्लाच्या तीन पिढ्यांचा कागद भिंग लावून वाचताना आम्ही पाहिले आहेत. आणि कागद नसलेल्या पिल्लाला काय म्हणावयाचे? तर ‘गावठी’! हाच शब्द अंड्याच्या किंवा कोंबडीच्या मागे लागला की आम्ही चार पैसे अधिक मोजतो. कुत्र्याच्या मागे लागला की मात्र ती शिवी होते.

यवतच्या परिसरात हा विनोद विशेष रंगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, भुलेश्वराच्या डोंगराजवळचे हे गाव. उसाचा मुलूख, गुऱ्हाळांचा धूर, आणि अलीकडे अधूनमधून पुणेकरांचे बंगले. अशाच एका बंगल्यात आमच्या परिचयाच्या गृहस्थांनी सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की जातीचा कुत्रा आणून ठेवला आहे. अंगावर दुहेरी लोकर, आणि बाहेर चाळीस अंशांचे ऊन! बिचारा सारा उन्हाळा न्हाणीघराच्या फरशीला पोट चिकटवून काढतो. पलीकडच्या वस्तीवरचा पिवळा गावठी कुत्रा मात्र रात्री उसाच्या कडेने चक्कर मारतो, ओळखीचे पाऊल आणि परके पाऊल यांतला भेद जाणतो, आणि सकाळी भाकरी खाऊन बाभळीखाली झोपतो. गंमत ही की, याच गृहस्थांच्या गोठ्यातली गाय संकरित आहे आणि तिचे दूध ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने मोजून दाखवितात. गोठ्यात संकर म्हणजे विज्ञानाचा विजय, आणि ओसरीवर तोच संकर म्हणजे कुळाला बट्टा! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

ही ‘शुद्धता’ अनादी आहे असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतली चीज आहे. त्यापूर्वी कुत्रा ओळखला जाई तो कामावरून : मेंढ्या राखणारा, शिकार धरणारा, दार राखणारा. 1873 साली लंडनला केनेल क्लब निघाला. नोंदवह्या झाल्या, आणि वहीत ज्याचे आईबाप नाहीत त्याला आत प्रवेश नाही, अशी प्रथा रूढ झाली. मग प्रदर्शनांसाठी कोणाचे नाक दाबले गेले, कोणाची पाठ उतरती झाली. बंद वहीत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्यांचाच जवळच्यांशी संयोग झाला म्हणजे काय होते, हे सगोत्रविवाह टाळणाऱ्या समाजाला तरी समजावून सांगावे लागू नये. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले की, ब्रिटनमधील सुमारे दहा हजार पग कुत्र्यांत जनुकीय विविधता आहे ती अवघ्या पन्नास वेगवेगळ्या कुत्र्यांत असावी एवढी! त्याच पगने 2003 साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीतून आमच्या दिवाणखान्यांत प्रवेश केला. त्याच्या घोरण्याचे मुलांना कौतुक वाटते. ते घोरणे नसून श्वासासाठी चाललेली झटापट आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, जातिवंत कुत्र्याच्या स्वभावाची हमी असते. मिश्राचे काय निघेल सांगवत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो टाळता येणार नाही. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत हजारो किलो स्फोटके हुडकणारा पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर होता, आणि वास काढण्याच्या कामी त्या जातीची निवड उगाच होत नाही. परंतु झंजीर घडला तो कामासाठी झालेल्या निवडीने आणि कसून दिलेल्या शिक्षणाने. तोच लॅब्रॅडॉर तिसऱ्या मजल्यावर बिस्किटे खाऊन फुगला की त्याच्या कुळाचा उपयोग त्याच्या दुखऱ्या खुब्यांपलीकडे फारसा उरत नाही. शिवाय 2022 साली अमेरिकन संशोधकांनी अठरा हजारांवर कुत्र्यांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की, एकेका कुत्र्याच्या वर्तनात जो फरक दिसतो त्यापैकी जातीने उलगडतो तो सुमारे नऊ टक्के. उरलेल्याचे काय? ते त्या कुत्र्याचे स्वतःचे आणि त्याला वाढविणाऱ्याचे.

दुसरा पक्ष स्वदेशीवाल्यांचा. विलायती नको, मुधोळ घ्या, कारवानी घ्या, पश्मी घ्या, असा त्यांचा आग्रह. मुधोळ कुत्र्याचे चित्र 2005 साली टपालाच्या तिकिटावर आले आणि 2020 साली खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्याचा गौरव केला. या कुत्र्यांविषयी आम्हांला आदर आहे. दख्खनच्या उघड्या माळावर सशाच्या मागे सुटलेला कारवानी हे दृश्य खरोखर देखणे. पण 1972 च्या कायद्याने ती शिकार मिटली. त्या धावत्या देहाला आता दोन खोल्यांच्या घरात साखळीने बांधून देशाभिमान कसा सिद्ध होतो? मेंढरांमागून शेकडो मैल चालणारा धनगरी कुत्रा मात्र अजून आपले काम करतो आहे, आणि त्याच्या धन्याजवळ त्याचा कसलाही कागद नाही.

मिश्रांचे भाबडे भक्तही आम्हांला मान्य नाहीत. संकर झाला की सर्व व्याधी पळाल्या, असे नव्हे. आणि आता तर संकराचाही बाजार मांडला गेला आहे. 1989 साली ऑस्ट्रेलियात एका अंध स्त्रीसाठी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संयोग घडविण्यात आला. तो घडविणारा गृहस्थ पुढे आयुष्यभर पस्तावला, कारण त्या पिल्लांना नवे नाव मिळताच श्रीमंतांची रांग लागली. म्हणजे मिश्रही चालतो, फक्त तो महाग हवा!

आमच्या परंपरेची साक्ष काढणाऱ्यांनी ती नीट काढावी. यवतहून जेजुरी दूर नाही. तेथे खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. दत्ताजवळ चार आहेत. युधिष्ठिर ज्याच्याविना स्वर्गाच्या रथात चढेना तोही वाटेत मागे लागलेलाच. साताऱ्याच्या शाहू महाराजांना वाघापासून वाचविणाऱ्या खंड्याला पालखीचा मान मिळाला म्हणतात; संगम माहुलीला त्याची समाधी दाखवितात. त्याचे इमान सांगितले जाते. त्याचा पणजा कोण, याची चौकशी आमच्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हा यवतच्या वस्तीवर राहणाऱ्याला आम्ही गावठी पिल्लूच घ्या म्हणून सांगू. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अंगणात बांधून ठेवलेला पग म्हणजे त्याला वाढलेले ताटच. गावठी कुत्राही बळी पडतो. म्हणून तो कोणताही असो, रात्री बंदिस्त जागेत असावा. तीन महिन्यांचा झाला की त्याला पिसाळरोगाची लस टोचावी, दर वर्षी ती आठवणीने द्यावी, आणि पुढे त्याची नसबंदी करून घ्यावी. ज्यांना हे ओझे वाटते त्यांनी कुत्राच घेऊ नये. नाहीतर अशांचेच कुत्रे, कागदांसकट, एके रात्री सोलापूर रस्त्यावर सोडले जातात. आणि एवढे वाचूनही ज्यांना जातिवंतच हवा असेल, त्यांनी विक्रेत्याकडे कागदाआधी पिल्लाची आई पाहावयास मागावी. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आई दाखविण्यास जो विक्रेता टाळाटाळ करील, त्याच्या पायऱ्या तेथूनच उतराव्यात.