मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

चाळीसगाव परिसरात कपाशीची वेचणी संपेपर्यंत म्हाताऱ्यांचे डोळे थांबतात. ‘अजून पिकला नाही’ हे कारण तयारच असते. ते आता जुने झाले. फेको शस्त्रक्रियेत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात; उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणेच अवघड.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला. डॉ. तात्याराव लहाने यांच्या शिबिरांनी ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत पोचवली, हे मोठेच काम.

पण काचबिंदूचे काय? तो बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी खातो आणि गेलेली दृष्टी परत देत नाही. शिबिरात चष्म्याचा नंबर काढताना चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यातला दाब मोजावा, मागची नसही तपासावी. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवी, मग हंगाम कोणताही असो.